वळणावर अडकलेलं गोदाम

डॉक्टरीणबाई गावाच्या जागावापर समितीवर कशा गेल्या, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नसे. त्यांच्या दातांच्या दवाखान्यासमोरचा दिव्याचा खांब भर रस्त्यात येतो, तो जरा मागे सरकवावा, एवढी एक तक्रार घेऊन त्या सभेला गेल्या होत्या. बोलायची परवानगी मागायला त्यांनी हात वर केला आणि नेमकं त्याच क्षणी अध्यक्षबाई विचारत होत्या, की समितीतली रिकामी जागा कोण घेणार. टाळ्या पडल्या. खांबाचा अर्ज वीज खात्याकडे गेला, खांब होता तिथंच राहिला.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. कुणाचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत घुसलंय, कुणाला गॅरेजवर एक खोली चढवायचीय, असले प्रश्न समितीपुढे यायचे. चहा व्हायचा, निर्णय व्हायचा आणि मंडळी जेवायच्या वेळेला घरी पोचायची.

मग गोदाम आलं.

गावाच्या टोकाला विटांचा एक कारखाना होता, कित्येक वर्षं बंद पडलेला. ती जागा डॉक्टरीणबाईंच्या मोठ्या दिरांची. लोक घरबसल्या जे जे मागवतात ते सगळं साठवून चहूकडे पाठवणाऱ्या एका बड्या कंपनीला तिथं गोदाम बांधायचं होतं. कंपनीचा नकाशा समितीच्या टेबलावर पसरला तेव्हा गोदामाचा चौकोन गावाच्या चौकोनापेक्षा मोठा दिसत होता. अध्यक्षबाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नकाशा कुणीतरी उलटा ठेवलाय या समजुतीने त्यांनी तो दोनदा फिरवून पाहिला.

कुठल्या जागेवर काय आणि किती मोठं बांधायचं, हे ठरवायचा अधिकार गावाच्या समितीला होता. हा अधिकार एवढा मोठा असेल याची कल्पना समितीलाच नव्हती. सभासद पाच. बेकरीवाले आणि सिमेंटचे दुकानदार गोदामाच्या बाजूने. अध्यक्षबाई आणि मधमाश्या पाळणारे आजोबा विरुद्ध. उरल्या डॉक्टरीणबाई.

"मला यातून वगळा," त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या. "जागा माझ्या दिरांची आहे. मी मत देणं बरं दिसत नाही."

"बेकरीवाले तुमच्या दिरांचे साडू," अध्यक्षबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "सिमेंटवाल्यांची बहीण माझी भावजय. नातेवाईक वगळायचे ठरवलं तर मत द्यायला चौकातला पुतळा तेवढा उरेल, आणि नीट चौकशी केली तर तोही कुणाचा तरी पणजोबा निघेल. बसा खाली."

"पण लोक काय म्हणतील?"

"हो म्हणालात तर दिरासाठी म्हणालात. नाही म्हणालात तर दिराशी भांडण आहे म्हणून म्हणालात. दोन्हीकडून बोलणी खायचीच आहेत, तर निदान विचार करून खा."

दुसऱ्या दिवसापासून गावाचे दात दुखायला लागले.

आधी बेकरीवाले आले. कुठं दुखतंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "तसं ठरावीक असं नाही. सगळीकडेच जरा जरा." खुर्ची मागे कलली तसे ते खुलले. "मी काय म्हणतो डॉक्टर, गोदामात एवढी माणसं कामाला लागणार, दुपारी त्यांना काहीतरी खायला तर लागेलच ना, म्हणजे बघा..."

"आ करा."

त्यांनी आ केला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गालांत कापसाचे बोळे बसवले आणि आरसा आत घातला. रोजगाराचा बाकीचा मुद्दा मग नुसत्या आ-ओ-ऊ मध्ये पार पडला. मधूनमधून त्या "हो का" म्हणत होत्या. शेवटी चूळ भरून बेकरीवाल्यांनी मोठ्या आशेने विचारलं, "मग? पटतंय ना?"

"खालच्या दाढेला कीड लागलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज आलात ते बरं केलंत."

बाजू मांडायला आलेला माणूस दाढ भरून परत गेला. पुढे तीच तऱ्हा झाली. सिमेंटवाले आले, त्यांची बायको आली, गोदामाला विरोध करणारे आले, विरोध करणाऱ्यांना विरोध करणारे आले. बाहेरच्या बाकावर दोन्ही पक्ष शेजारी शेजारी बसून एकमेकांकडे न बघता जुनी मासिकं चाळत. मधमाश्यांवाल्या आजोबांच्या तोंडात एकही दात नव्हता, तरी तेही आले. त्यांच्या तोंडात काही घालायला निमित्तच नसल्यामुळे सबंध गावात तेवढे एकटे आपलं म्हणणं पूर्ण मांडून गेले.

"गोदाम सोड गं," ते म्हणाले. "गोदाम काय, उभं राहील नाहीतर राहणार नाही. पण त्यात माल येणार तो उडत येणार नाही. ट्रक कुठून जाणार, तेवढं विचार."

डॉक्टरीणबाईंनी ते डोक्यात ठेवलं.

घरी नवरा होता. तो शाळेत गणित शिकवायचा आणि एका प्रश्नाला एकच उत्तर असतं असं मुलांना सांगायचा, पण घरात ही शिस्त त्याने कधी लागू केली नाही. "दादाचंही बरोबर आहे," तो म्हणायचा, "आणि तुझंही बरोबर आहे."

"माझं काय बरोबर आहे? मी अजून काही म्हटलेलंच नाही."

"म्हणशील ते," तो म्हणायचा आणि वह्या तपासायला घ्यायचा.

भावजी मात्र दवाखान्यात येत नव्हते. सगळं गाव येऊन गेलं, पण ज्यांची जागा ते नाहीत. ते आले ते शेवटी, शेवटचा पेशंट गेल्यावर, कवळी टोचते असं सांगत. डॉक्टरीणबाईंना ते लग्न झाल्यापासून 'डॉक्टर' म्हणत, आणि त्यात अर्धी थट्टा आणि अर्धा अभिमान असे. आज थट्टेचा भाग गळलेला होता.

कवळी काढून हातात दिल्यावर त्यांचे गाल आत गेले आणि माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. डॉक्टरीणबाई पाठ करून कवळीची कड घासत बसल्या. मागून भावजींचा बोळका आवाज आला.

"मी तुम्हाला गळ घालायला आलेलो नाही."

"माहीत आहे मला."

"रोज सकाळी मी तिथं जातो. कुलूप काढतो, आत खुर्ची टाकून बसतो. भट्टीत आता कुत्री झोपतात. दुपारी कुलूप लावतो आणि घरी येतो. कारखाना बंद आहे, पण मी अजून कामावर जातो. मला कंटाळा आलाय, डॉक्टर. विकून टाकावं, लेकीकडे जावं. तिच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो."

डॉक्टरीणबाईंनी कवळी धुतली आणि त्यांच्या हातात ठेवली. चाळीस जणांनी मांडलेले मुद्दे त्यांनी ऐकून सोडून दिले होते, पण हा मुद्दा नव्हताच, आणि तोच आत कुठंतरी रुतून बसला.

"अजून टोचतेय का?" त्यांनी विचारलं.

"कवळी? नाही," भावजी म्हणाले. "ती टोचत नव्हतीच."

पुढच्या बैठकीला कंपनीचा माणूस आला. कोवळा, गोरागोमटा, अदबशीर. गळ्यात टाय. गावाने त्याचं नाव टायवाले ठेवलं. त्याने भिंतीवर एक छोटी फिल्म दाखवली. फिल्ममध्ये गोदामाभोवती दाट झाडी होती आणि गावातल्या मुख्य रस्त्यावरून एक लांबलचक पांढरा ट्रक मांजरीच्या पावलांनी चालला होता. आवाज नाही, धूर नाही. एक बाई बाबागाडी ढकलत होती आणि ट्रककडे बघून हात हलवत होती.

"ही बाई कुणाची कोण?" आजोबांनी विचारलं.

"नमुन्यादाखल आहे ती," टायवाले म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली. दवाखान्याच्या कोपऱ्यावर, जिथं मुख्य रस्ता काटकोनात वळून कारखान्याच्या गल्लीत शिरतो, तिथं फिल्ममधला ट्रक दिसेनासा व्हायचा आणि एकदम गल्लीतच उगवायचा.

"हा मधे वळतो कसा?"

"कॉम्प्युटरवर आम्ही सगळं तपासलंय. आरामात वळतो."

"असेलही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण माझ्याकडे दाढेचा फोटो कितीही छान आला तरी मी एकदा तोंड उघडून आत बघते. तुम्ही एक ट्रक आणा. रिकामा चालेल. एकदा वळवून दाखवा. वळला तर त्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही."

टायवाल्यांनी हसून होकार दिला. सिमेंटवाल्यांनी टाळी वाजवली. भावजी मागच्या रांगेत ताठ होऊन बसले होते. मधल्या रांगेत बसलेले गणिताचे मास्तर एकदा पुढे बायकोकडे आणि एकदा मागे भावाकडे बघून मान डोलावत होते.

ट्रक यायचा त्या सकाळी सगळं गाव रस्त्यावर होतं. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर उभे होते, ट्रकला दिशा दाखवायला. डॉक्टरीणबाईंना मात्र बाहेर जाता आलं नाही. जाऊबाईंना नवी कवळी बसवायची होती आणि त्यासाठी जबड्याचं माप घ्यायचं खूप आधी ठरलं होतं. जाऊबाई वेळेच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, ट्रक काय, येतील आणि जातील, माझं तोंड आधी बघ. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरलेला साचा बसवला होता आणि तो घट्ट होईपर्यंत बोट लावून त्या उभ्या होत्या. साचा सुटला की माप बिघडतं. त्यामुळे पुढचा सगळा प्रकार दोघींनी खिडकीतूनच पाहिला.

आधी आवाज आला. मग कपाटातल्या बाटल्या हलकेच एकमेकींना लागायला लागल्या. मग खिडकीच्या एका कडेला पांढरा रंग दिसला, आणि तो वाढतच गेला.

ट्रकचा चालक मोठा हौशी माणूस होता. गावाबाहेरच्या पुलावरच तो लोकांना सांगून आला होता, की मी हा ट्रक सुईच्या नेढ्यातून काढून दाखवतो. भावजी हात हलवत होते, "येऊ द्या, येऊ द्या." चालक येऊ देत होता. तोंड वळलं, धूड वळायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागचा भाग बेकरीच्या ओट्याला टेकला, म्हणून चालकाने थोडं पुढे घेतलं. पुढे दिव्याचा खांब आला, म्हणून थोडं मागे घेतलं. मागे बेकरीची पाटी आली. असं तीनचार वेळा पुढेमागे झाल्यावर मोठा कर्कश आवाज आला आणि सगळं थांबलं.

दवाखान्यात अंधार झाला. खिडकीत आता आकाश नव्हतं, ट्रकचं दार होतं. दाराच्या काचेमागे चालक बसला होता, खुर्चीतल्या जाऊबाईंच्या समोर, हात लांब केला तर नाकाला लागेल इतक्या अंतरावर. त्याने काच खाली केली.

"नमस्कार," तो म्हणाला. "इकडून दार उघडत नाही. भिंत आहे. तिकडून खांब आहे."

जाऊबाईंनी साच्यासकट मान हलवून नमस्कार केला.

"ताई, हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून थोडा वेळ."

बाहेर आता गावाचे दोन तुकडे झाले होते. शाळा एका बाजूला आणि पोरं दुसऱ्या बाजूला, ही गोष्ट पोरांना फार आवडली. बेकरीचे पाव ट्रकच्या खालून सरकवून पलीकडे पाठवावे लागले. खांब काढला तर ट्रक सुटेल हे सगळ्यांना दिसत होतं, पण खांब वीज खात्याचा. खात्याने फोनवर सांगितलं की खांब हलवण्यासाठी आधी अर्ज आला पाहिजे. अध्यक्षबाईंनी सांगितलं की तो अर्ज केव्हाच दिलाय, दवाखान्याच्या बाईंनी दिलाय. खात्याने शोधून बघतो म्हणून फोन ठेवला.

टायवाले कानाला फोन लावून फेऱ्या मारत होते. आजोबांनी त्यांना गाठलं. "काय मग, वळला का?"

"तसं बघितलं तर," टायवाले म्हणाले, "ट्रकचा बराचसा भाग वळलाय."

आत माप घट्ट झालं. डॉक्टरीणबाईंनी साचा ओढून काढला. जाऊबाईंनी चूळ भरली, ओठ पुसले आणि खिडकीतल्या चालकाकडे पाठ करून एकदम म्हणाल्या, "मला समुद्र आवडत नाही."

"काय म्हणालात, ताई?"

"आवडत नाही मला समुद्र. खारट वास येतो आणि सारखा आवाज करतो. यांनी कुठं विचारलंय मला? लेकीकडे चार दिवस राहिले तर आठवडाभर माझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, जागा विकली जाईल तेव्हा बघू. ती काही इतक्यात विकली जात नाही असं वाटलं होतं मला."

"मग भावजींना सांगितलं का नाही?"

"त्यांना एवढी एकच आशा होती. ती कुठं मोडू?"

"माझ्या बायकोलाही समुद्र आवडत नाही," चालक खिडकीतून म्हणाला. त्याला भूक लागली होती. जाऊबाईंनी बेकरीवाल्यांकडून पाव मागवले, डॉक्टरीणबाईंनी आतल्या खोलीत चहा टाकला, आणि उपकरणांच्या ट्रेमधून तो चहा खिडकीतून ट्रकमध्ये गेला. दुपार झाली तरी खात्याला अर्ज सापडत नव्हता. चालकाने तोवर डॉक्टरीणबाईंना आपली अक्कलदाढ दाखवली, घरच्या मुलांचे फोटो दाखवले, आणि हे वळण आपल्या एका मित्राने नक्की घेतलं असतं असंही सांगितलं.

संध्याकाळी शेवटी भावजीच उठले. कारखान्यातून दोन जुन्या पहारी आणि एक कप्पी घेऊन आले, सिमेंटवाल्यांना हाताशी धरलं, आणि बेकरीचा ओटा कडेने फोडला. ओटा बेकरीवाल्यांचा, म्हणजे साडूचा. बेकरीवाले तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत विटा उचलत होते. ट्रक इंचाइंचाने मागे निघाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुलापर्यंत भावजी पाठमोरे चालत त्याला वाट दाखवत गेले. परतले तेव्हा इस्त्रीचा शर्ट विटांच्या धुळीने लाल झाला होता आणि, डॉक्टरीणबाईंना वाटलं, चेहरा मात्र कित्येक दिवसांत दिसला नव्हता एवढा टवटवीत होता.

मतदानाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, गोदाम होऊ दे, पण जुन्या कारखान्याच्या शेड जेवढ्या जागेत आहेत तेवढंच. ट्रक गावातून यायचे नाहीत. कंपनीने पलीकडच्या हमरस्त्यावरून आपला रस्ता करावा. आणि रात्रीचे दिवे झाकलेले असावेत.

"या अटी मान्य असतील तर माझं मत बाजूने. नसतील तर विरुद्ध."

टायवाले उभे राहिले. ते अजूनही अदबशीरच होते. "मॅडम, कंपनी एवढं लहान काही बांधतच नाही."

"मग आमचं गाव तुमच्यासाठी लहान आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्याला आमचा इलाज नाही."

कंपनीने काढता पाय घेतला.

भावजींनी अबोला धरला. रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवत, ती पद्धत मोडली नाही, पण बोलणं गणिताच्या मास्तरांच्या मार्फत व्हायला लागलं. "डॉक्टरांना म्हणावं, मीठ द्या." मास्तर मीठ पुढे करत. "दादाला म्हणावं, मीठ कमी खा." मास्तर मीठ मागे घेत. मास्तरांना स्वतःला जेवायला सवड मिळेना. डॉक्टरीणबाईंना हसू यायचं आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर वाईटही वाटायचं. एका माणसाची वाट आपण अडवली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझं चुकलं का रे?" आणि त्याने पहिल्यांदाच एकच उत्तर दिलं. "नाही," तो म्हणाला. "पण दादाला त्रास झाला, तोही खोटा नाही."

शेवटी अबोला मोडला तो जाऊबाईंनी. नवी कवळी बसली त्या रविवारी त्यांनी तिची चाचणीच घेतली. जेवता जेवता, सगळ्यांदेखत, त्यांनी समुद्राचं सगळं सांगून टाकलं. खारट वास, आवाज, डोकेदुखी. भावजींचा घास हातातच राहिला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलायला नीट दात कुठं होते?"

भावजींनी घास ताटात ठेवला. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, मास्तरांना मधे न घेता म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"ट्रक अडकला त्या दिवशी कळलं."

"म्हणजे त्या दिवशी सगळंच अडकलं," भावजी म्हणाले आणि जेवायला लागले.

त्यानंतरच्या वर्षात समितीने नियम लिहायला घेतला, की गावात किती मोठं गोदाम चालेल. मोठं म्हणजे किती, यावर इतक्या बैठका झाल्या की चहाची भांडी बदलावी लागली. नियम झाला. कंपनीने दूर दुसऱ्या गावाच्या माळावर बांधलं. तिथल्या लोकांची समिती नव्हती, किंवा असूनही कुणी ट्रक वळवून दाखवायला सांगितलं नाही. टायवाले अधूनमधून दात दाखवायला येतात. त्यांना इथंच बरं वाटतं म्हणे.

कारखान्याच्या शेड आधी बेकरीवाल्यांनी मागितल्या, पीठ ठेवायला. ओटा फोडल्याची भरपाई म्हणून भावजींनी एक शेड दिली. मग एक सुतार आला, मग एक सायकलींचा व्यापारी. भावजी दिवसभर एका शेडमधून दुसरीत फिरतात, कुणाचा माल कुठं लावायचा यावर प्रत्येकाशी हुज्जत घालतात, आणि संध्याकाळी घरी येऊन मला क्षणाची उसंत नाही अशी तक्रार करतात. लेकीकडे ते वर्षातून एकदा एकटेच जातात आणि समुद्र पोटभर बघून येतात.

नव्या माणसाने विचारलं, की इथं एवढं मोठं गोदाम होणार होतं त्याचं काय झालं, तर भावजी खुर्ची ओढून बसतात. "कंपनीला मी घालवलं," ते सांगतात. "मीच म्हटलं, आधी ट्रक वळवून दाखवा."

डॉक्टरीणबाई शेजारी असल्या तरी मधे बोलत नाहीत. परवा जाऊबाईंनी त्यांना कोपर मारून विचारलं, "अगं, हे खोटं सांगतायत, ऐकतेस काय नुसती?"

"सांगू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "ते सांगतात ते चांगलं सांगतात. मला एवढं रंगवून जमलं नसतं."

भावजी तेव्हा गोष्टीतल्या सुईच्या नेढ्यापाशी आले होते, आणि नवा माणूस तोंड उघडं ठेवून ऐकत होता.